प्रकाशन उद्योगाचा वकील आणि लॉबिइस्ट: वॉशिंग्टनमधलं हे काम कसं शिकायचं, कसं करायचं

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १०९ मध्ये, म्हणजे विकत घेतलेली प्रत पुन्हा विकू देणाऱ्या कलमात, ‘या कायद्याखाली कायदेशीरपणे तयार झालेली’ प्रत, अशा अर्थाचे पाच इंग्रजी शब्द आहेत. सुपाप कर्टसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने परदेशी बाजारासाठी छापलेली स्वस्त पाठ्यपुस्तकं अमेरिकेत आणून विकली, तेव्हा जॉन वायली अँड सन्स या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. ज्यूरीने ६ लाख डॉलर भरपाई ठरवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल फिरवला, आणि परदेशात छापलेली प्रत त्या पाच शब्दांत बसते का, याभोवतीच सगळा वाद फिरत होता. देशागणिक वेगळी किंमत लावणाऱ्या प्रकाशकांचं गणित एका दिवसात कोलमडलं.

हे काम समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही. ओळखी, भाषणं, समारंभ हे सगळं नंतरचं. प्रकाशकांसाठी लॉबिइंग करणारा, म्हणजे कायदे करणाऱ्यांपुढे त्यांची बाजू मांडणारा वकील मुळात कलमातल्या शब्दांची राखण करतो. शब्द चुकीचा पडला की तीस-चाळीस वर्षांनी कोर्टात त्याची किंमत मोजावी लागते. २०२४ च्या लोपर ब्राइट निकालाने सरकारी खात्याने लावलेल्या अर्थाला कोर्टांनी मान देण्याची ‘शेव्हरॉन’ची जुनी रीत संपवली, त्यामुळे संसदेने नेमकं काय लिहिलं याचं वजन आणखी वाढलं आहे.

आधी शिक्षण, मग क्रम

लॉबिइस्ट व्हायला वकिलीची पदवी लागत नाही. पण प्रकाशन क्षेत्रात ती नसेल तर तुम्ही दुसऱ्याने लिहिलेला मसुदा पोचवणारे होता, लिहिणारे नाही. चार वर्षांची कोणतीही पदवी, त्यावर तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी आणि मग वकिलीच्या परवान्याची बार परीक्षा असा सरळ रस्ता आहे. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन डीसी दोन्हीकडे युनिफॉर्म बार परीक्षा चालत आली आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६६ गुण लागतात. २०२६ पासून राज्यं टप्प्याटप्प्याने नव्या ‘नेक्स्टजेन’ परीक्षेकडे वळत आहेत, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या राज्याच्या बारचे नियम वाचा. व्यावसायिक नीतीची एमपीआरई ही परीक्षा वेगळी असते. परदेशी कायदा पदवी असणाऱ्यांनी न्यूयॉर्कसाठी आधी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं. कमी पडणाऱ्या गोष्टी काही वेळा किमान २४ क्रेडिटच्या एलएलएमने भरून काढता येतात. एलएलएमची फी भरून झाल्यावर मूल्यमापनाला पाठवणं हा उलटा क्रम महागात पडतो.

विषय निवडताना कॉपीराइट तर सगळेच घेतात. खरा फरक पडतो तो कायदानिर्मिती व अर्थनिर्णय, प्रशासकीय कायदा, स्पर्धा कायदा आणि पहिली घटनादुरुस्ती या चार विषयांनी. करकायद्याची एक तरी तासिका घ्या. १९७९ मधला थॉर पॉवर टूल हा निकाल हत्यारं बनवणाऱ्या कंपनीच्या शिल्लक मालाबद्दल होता, पण गोदामात पडून असलेल्या पुस्तकांची किंमत हिशोबात कमी करून दाखवणं त्यामुळे अवघड झालं आणि जुनी पुस्तकं साठवून ठेवणं प्रकाशकांना परवडेनासं होऊ लागलं. ‘कॉपीराइट’ हा शब्दही नसलेला कायदा पुस्तकांच्या मुळावर येऊ शकतो, तो असा.

नोकऱ्यांचा क्रम आमच्या मते असा असावा. पहिली तीन-चार वर्षं लॉ फर्ममध्ये किंवा प्रकाशन संस्थेच्या विधी विभागात काढा. लेखकाचा करार, दुय्यम हक्क, हक्क परत जाण्याची अट, परवानग्यांचा विभाग, बदनामीच्या दृष्टीने हस्तलिखित तपासणं, हे हाताखालून गेलं पाहिजे. मग कॅपिटल हिलवर, म्हणजे काँग्रेस या अमेरिकेच्या संसदेत, शक्यतो न्यायविषयक समितीवर किंवा तिच्या सदस्याकडे, कायदा सल्लागार म्हणून तीन-चार वर्षं. तिसरी जागा म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं कॉपीराइट ऑफिस. तिथली बार्बरा रिंगर फेलोशिप १८ ते २४ महिन्यांची आणि पगारी असते. प्रकाशकांच्या संघटनेत त्यानंतर या. फक्त हिलवरून आलेल्या माणसाला परवानग्यांच्या टेबलावर काय चालतं ते माहीत नसतं, आणि फक्त फर्ममधून आलेल्याला मतं मोजता येत नाहीत. १९७० मध्ये दोन संघटनांच्या विलीनीकरणातून बनलेल्या असोसिएशन ऑफ अमेरिकन पब्लिशर्सच्या प्रमुखांची यादी पाहिली तरी हे दोन्ही प्रवाह दिसतात. पॅट श्रोडर आणि टॉम ॲलन हे काँग्रेसचे माजी सदस्य, तर मारिया पॅलँटे कॉपीराइट ऑफिसच्या माजी प्रमुख.

हिल सोडताना ‘कूलिंग ऑफ’ विसरू नका. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेतलेल्या सहायकाला वर्षभर बंधन असतं. हाउस या कनिष्ठ सभागृहातल्याला आपल्या जुन्या ऑफिसशी किंवा समितीशी, तर सिनेट या वरिष्ठ सभागृहातल्याला संपूर्ण सिनेटशी लॉबिइंगचा संपर्क करता येत नाही. त्या वर्षात पडद्यामागचं काम घ्या: मसुदे, अभिप्राय, कोर्टातले अर्ज. नव्या मालकाला हे मुलाखतीतच सांगा, नियुक्तीनंतर नव्हे.

नोंदणी आणि वेळेचा हिशोब

१९९५ चा लॉबिइंग डिस्क्लोजर ॲक्ट आणि त्यावरची २००७ ची दुरुस्ती हे तुमचं दैनंदिन व्याकरण. एका अशिलासाठी एकापेक्षा जास्त लॉबिइंग संपर्क झाले आणि तीन महिन्यांत त्या अशिलासाठी दिलेल्या वेळेपैकी २० टक्के किंवा जास्त वेळ लॉबिइंगला गेला, की तुम्ही कायद्याने लॉबिइस्ट. नोंदणी ४५ दिवसांत. २०२५ पासूनच्या आकड्यांनुसार बाहेरच्या फर्मला तिमाहीत त्या अशिलाकडून लॉबिइंगचे ३,५०० डॉलरपर्यंतच मिळणार असतील, किंवा स्वतःचा लॉबिइस्ट असलेल्या संस्थेचा खर्च १६,००० डॉलरच्या वर जाणार नसेल, तर नोंदणीची गरज नाही. तिमाही अहवाल २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि २० जानेवारीला. राजकीय देणग्यांचा अहवाल ३० जुलै आणि ३० जानेवारीला. उत्पन्न किंवा खर्च जवळच्या १०,००० डॉलरपर्यंत पूर्णांकात लिहायचा. चूक दाखवून दिल्यावरही दुरुस्त केली नाही तर २ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून केलेल्या भ्रष्ट उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद.

समितीपुढे दिलेली आणि नोंदीवर आलेली साक्ष हा लॉबिइंग संपर्क धरला जात नाही. फेडरल रजिस्टरमधल्या सूचनेला दिलेला लेखी अभिप्रायही नाही. पण ती साक्ष पुढे लॉबिइंगसाठी वापरण्याच्या हेतूने केलेली तयारी ‘लॉबिइंग क्रियाकलाप’ ठरू शकते, आणि २० टक्क्यांचं गणित तिथे फसतं. म्हणून रोजचा वेळ पाव-पाव तासात, त्याच दिवशी नोंदवा. तिमाही संपल्यावर कॅलेंडर पाहून आठवत बसलेला हिशोब हमखास चुकतो. संघटनेला हाच वेळ करासाठीही लागतो, कारण लॉबिइंगचा खर्च करातून वजा होत नाही. वर्गणीतला किती भाग वजा होणार नाही हे सभासदांना कळवावं लागतं, किंवा त्यावर २१ टक्के कर संघटनेने स्वतः भरावा लागतो.

मोठ्या प्रकाशन संस्थांपैकी अनेकांची मालकी देशाबाहेर आहे. पेंग्विन रँडम हाउस जर्मनीच्या बर्टल्समानचं, मॅकमिलन जर्मनीच्याच होल्ट्झब्रिंकचं, अशेट फ्रेंच. अशिलामध्ये २० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली परदेशी संस्था नोंदणी अर्जात दाखवावी लागते. नवख्या वकिलाकडून हा रकाना रिकामा राहतो, कारण कंपनीचं अमेरिकी नावच त्याच्या डोळ्यासमोर असतं.

भेटवस्तूंबाबत साधा नियम धरा: नोंदणीकृत लॉबिइस्टने सहायकाला जेवण तर सोडाच, कॉफीही द्यायची नाही. माहितीसाठी ऑफिसात पाठवलेली पुस्तकं आणि नियतकालिकं यांना अपवाद आहे. प्रकाशकांसाठी ही मोठी सोय आहे, पण महागडे चित्रसंग्रह पाठवून ती वापरू नका.

बैठक

सदस्य भेटेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. समोर बहुतेकदा पंचविशीतला सहायक असतो. त्याच्याकडे कॉपीराइटबरोबर इमिग्रेशन, बंदुका आणि न्यायाधीशांच्या नेमणुकाही असतात, आणि वेळ १५ ते २० मिनिटं. पहिल्या मिनिटात कोणाच्या वतीने आलात ते सांगा. विधिमंडळापुढे किंवा सरकारी खात्यापुढे मांडणी करताना आपण प्रतिनिधी आहोत हे उघड करणं वकिलीच्या नीतिनियमांतही आहे. दुसऱ्या मिनिटात मागणी सांगा: कोणतं विधेयक, कोणतं कलम, सहप्रस्तावक व्हायचंय की दुरुस्ती हवीय. कारणं नंतर. एका पानाचं टिपण मागे ठेवा, दोन पानांचं कोणी वाचत नाही. त्यावर त्या मतदारसंघातल्या प्रकाशक, छापखाना, विद्यापीठ मुद्रणालय किंवा पुस्तकांच्या दुकानांची खरी नावं असू द्या.

आणि विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा स्वतःच सांगा. ग्रंथपाल त्याच आठवड्यात येऊन गेलेले असतात किंवा येणार असतात. त्यांचा मुद्दा तुम्ही लपवलात हे सहायकाला कळलं की पुढच्या वेळी तुमच्या टिपणावर कोणी विसंबत नाही, आणि या कामात विश्वासाखेरीज हातात दुसरं काही नसतं. उत्तर माहीत नसेल तर ‘उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ म्हणा आणि सकाळीच पाठवा.

मसुदा नेहमी सोबत ठेवा. अधिकृत लेखन लेजिस्लेटिव्ह काउन्सेलचं ऑफिस करतं, पण त्यांच्याकडे जाणारा पहिला कागद कोणाचा यावर पुष्कळ ठरतं. चालू कलम जसंच्या तसं, काढायचे शब्द खोडलेले, घालायचे अधोरेखित, आणि प्रत्येक बदलाखाली एका वाक्यात कारण. व्याख्या बदलत असाल तर तो शब्द संपूर्ण शीर्षक १७ मध्ये, म्हणजे कॉपीराइट कायद्यात, कुठे कुठे येतो ते शोधून जोडा. एका कलमासाठी बदललेली व्याख्या दुसऱ्या कलमात भलताच अर्थ देते, आणि ही चूक विधेयक मंजूर झाल्यावरच दिसते.

विरोधकांबरोबर लिहिलेला मसुदा

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात देण्याचा मराकेश करार २०१३ मध्ये झाला. अमेरिकेत १९९६ पासून अशा प्रतींची मुभा देणारं कलम १२१ होतंच, पण देशाबाहेर प्रती पाठवण्याची आणि मागवण्याची सोय त्यात नव्हती. प्रकाशकांना भीती होती की निर्यातीच्या नावाखाली कुलूप नसलेल्या फाइली बाजारात फिरतील. अंधांच्या संघटनांना भीती होती की अटींच्या जंगलात हक्कच हरवेल. ग्रंथालयांना आपल्यावर जबाबदारी येण्याची काळजी. प्रकाशक, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड आणि ग्रंथालयं यांनी सिनेटच्या सहायकांसोबत बसून एक संहिता ठरवली. कलम १२१ मध्ये ‘पात्र व्यक्ती’ ही नवी संज्ञा आली, आयात-निर्यातीसाठी कलम १२१ए जोडलं गेलं. २०१८ मध्ये सिनेटने ते विरोधाविना मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये कायदा झाला.

यातून पद्धत घ्यायची ती अशी. आधी प्रत्येक बाजूने आपली भीती एका वाक्यात लिहून द्यायची, मागणी नव्हे. भीतीवर शब्द सापडतो, मागणीवर फक्त घासाघीस होते. मग एकच जण लेखणी धरतो, सगळे आपापली प्रत बदलत नाहीत. ठरलेल्या मजकुराचा पुढे कोणी बदल सुचवला तर सर्वांना कळवायचं, हे आधीच ठरवून घ्यायचं. कॉपीराइटसारख्या विषयाला हाउस किंवा सिनेटच्या पटलावर स्वतंत्र वेळ क्वचित मिळतो. वाद नसलेला मजकूर एकमताने जातो किंवा मोठ्या खर्च विधेयकाला जोडून जातो. लहान दाव्यांसाठीचा केस ॲक्ट डिसेंबर २०२० मध्ये असाच जोडून मंजूर झाला. मजकूर तयार नसेल तर गाडी समोरून निघून जाते.

उलट उदाहरणही अभ्यासा. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख खुले करण्याच्या सक्तीविरुद्ध रिसर्च वर्क्स ॲक्ट हे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये आलं. प्रकाशक संघटनेने पाठिंबा दिला, पण सभासदांपैकी काही विद्यापीठ मुद्रणालयांनी जाहीरपणे हात झटकले, आणि ज्यांचे लेख छापले जातात त्या संशोधकांनीच बहिष्कार पुकारला. फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस संशोधन नियतकालिकांच्या एल्सेव्हियर या प्रकाशकाने पाठिंबा काढला आणि विधेयक संपलं. पुढच्याच वर्षी व्हाइट हाउसने असे लेख १२ महिन्यांच्या मुदतीनंतर खुले करण्याचं धोरण आणलं, आणि ऑगस्ट २०२२ च्या निवेदनाने ती मुदतही काढून टाकायला सांगितलं. भूमिका जाहीर करण्याआधी सभासदांची मोजणी झालीच पाहिजे: व्यापारी प्रकाशक, शालेय, उच्च शिक्षण, संशोधन नियतकालिकं, विद्यापीठ मुद्रणालयं. ही पाच वेगळी घरं आहेत. लेखक त्या घरांचे भाडेकरू नव्हेत, पाया आहेत. त्यांच्या संघटनेला पहिला फोन करा.

सभासदांच्या खोलीत

एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाभोवती बसवणं हा तुमच्या कामाचा भाग आहे आणि सर्वांत मोठा धोकाही. सरकारकडे एकत्र मागणी करायला नोअर-पेनिंग्टन तत्त्वाचं संरक्षण आहे. किंमत, सवलत किंवा ग्रंथालयांना ई-पुस्तकं देण्याच्या अटी आपसात ठरवायला अजिबात नाही. २०१२ मध्ये न्याय खात्याने ॲपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर ई-पुस्तकांच्या किमतींवरून दावा लावला होता, ते इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून विषयपत्रिका आधी वकिलाने तपासलेली, बैठकीत वकील हजर, इतिवृत्त लिहिलेलं. कोणी किमतीवर बोलायला लागलं तर ताबडतोब थांबवा. थांबलं नाही तर उठून जा आणि उठून गेल्याची नोंद करा. ग्रंथालय परवान्यांवरच्या विधेयकाची चर्चा करताना ही रेषा फार पातळ होते. विधेयकाच्या शब्दांवर बोला, कोण किती दर लावतो यावर नाही.

दुसरी गफलत गोपनीयतेची. वकील लिहितो म्हणून प्रत्येक कागद ‘प्रिव्हिलेज्ड’, म्हणजे खटल्यातही समोरच्याला दाखवावा न लागणारा, होत नाही. कायद्याचा अर्थ सांगणं हा सल्ला. कोणाचं मत कसं मिळवायचं हे नव्हे. दोन्ही एका ईमेलमध्ये मिसळलं तर पुढच्या खटल्यात सगळंच समोरच्याच्या हाती जाऊ शकतं. दोन फोल्डर, दोन टिपणं, आणि शिक्का फक्त जिथे लागू आहे तिथे.

राज्यं आणि कोर्ट

फक्त काँग्रेसकडे पाहणाऱ्याला धक्का राज्यांतून बसतो. मेरिलँडने २०२१ मध्ये विरोधी मताविना कायदा केला: जनतेला ई-पुस्तक विकायचं तर ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर द्यायला तयार राहायचं. प्रकाशक संघटनेने डिसेंबरात दावा लावला, फेब्रुवारी २०२२ मध्ये मनाई मिळाली आणि जूनमध्ये कायदा घटनाबाह्य ठरला, कारण केंद्रीय कॉपीराइट कायद्याशी तो भिडत होता. तसंच विधेयक न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी डिसेंबर २०२१ मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवलं. पुष्कळ राज्यांची अधिवेशनं जानेवारीत सुरू होऊन काही महिन्यांतच संपतात, त्यामुळे विधेयकांवर लक्ष डिसेंबरातल्या पूर्व-नोंदणीपासून हवं. शाळांतल्या पुस्तकांवरच्या निर्बंधांचे कायदेही राज्यांतूनच येतात. टेक्ससच्या २०२३ च्या कायद्याने पुस्तकांना लैंगिक मजकुराच्या श्रेणी लावण्याचं काम विक्रेत्यांवर टाकलं. दुकानदार, लेखक आणि प्रकाशक संघटना एकत्र कोर्टात गेल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने मनाई कायम ठेवली.

अपील कोर्टात न्यायमित्र म्हणून निवेदन द्यायचं तर मर्यादा ६,५०० शब्दांची आणि मुदत ज्या पक्षाला पाठिंबा आहे त्याच्या मुख्य निवेदनानंतर सात दिवसांची. लेखन किंवा पैसा खटल्यातल्या पक्षाचा आहे का, तेही जाहीर करावं लागतं. सात दिवस लेखनाला पुरत नाहीत. सभासदांची संमती आणि आराखडा आधीच हवा. पक्षाचेच मुद्दे पुन्हा मांडू नका. पुस्तक व्यवसाय कसा चालतो हे न्यायाधीशांना कुठे वाचायला मिळत नाही, ते द्या.

सभासदांना सतत एकच गोष्ट बजावा: पुस्तकाच्या कॉपीराइटची नोंदणी वेळेत करा. उल्लंघनाच्या आधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत नोंदणी नसेल तर कायद्यात ठरवलेली भरपाई मिळत नाही. ती प्रति कृती ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला दीड लाखांपर्यंत असते. लेखकांनी एआय कंपनीवर लावलेल्या बार्ट्झ विरुद्ध अँथ्रॉपिक या दाव्यात २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, तेव्हाही कोणतं पुस्तक यादीत बसतं हे ठरवताना नोंदणीची तारीख पाहिली गेली.

विषम वर्षाच्या ३ जानेवारीला दुपारी बारा वाजता जुनी काँग्रेस संपते आणि मंजूर न झालेलं प्रत्येक विधेयक तिच्याबरोबर जातं. त्याआधीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक मसुद्याची शेवटची मान्य आवृत्ती, कोणत्या शब्दावर कोण अडला होता, कोणत्या सहायकाने काय कबूल केलं आणि तो आता कुठे जातोय, हे एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. नव्या काँग्रेसमध्ये विधेयकाचा क्रमांक बदलतो, अर्धे चेहरे बदलतात, पण मसुदा तोच लागतो.